वामकुक्षी बॅच

मन्मथ हालकुडे यांचा धंदा दुसऱ्यांच्या मुलांचे चेहरे मोठे करण्याचा होता. लातुरात त्यांचं फ्लेक्स छापण्याचं दुकान होतं. निकालाच्या मोसमात पासपोर्टएवढ्या फोटोतलं घाबरलेलं पोर त्यांच्या मशीनमधून माणसापेक्षा उंच, गोरं आणि निर्भय होऊन बाहेर पडे. वर 'हार्दिक अभिनंदन', खाली अभिनंदन करणाऱ्यांचेच इतके फोटो, की नेमकं पास कोण झालंय ते शोधावं लागे. मधल्या काळात जगात पुष्कळ सुधारणा झाल्या. मोटारी आपल्या आपण चालू लागल्या, डॉक्टर मोबाईलमध्ये राहायला गेले, चौकाचौकात काचेचे पडदे लागले. फ्लेक्स मात्र गेला नाही. पडद्यावरचा चेहरा पुढची जाहिरात येईपर्यंत टिकतो, फ्लेक्सवरचा वाऱ्यानं फाटेपर्यंत. पालकांना हा फरक बरोबर कळतो.

परक्यांची मुलं ताणून ताणून मन्मथरावांची एकच इच्छा उरली होती. एकदा आपल्या श्रेयसीचा चेहरा ताणायचा.

त्यासाठी श्रेयसी निर्निमेष अकॅडमीच्या होस्टेलात होती. राहत्या शहरातच, घरापासून स्कूटरच्या अंतरावर. पण घरी राहून अभ्यास होत नाही, हे लातुरात सिद्ध करावं लागत नाही. अकॅडमीचं नाव झालं होतं ते वामकुक्षी बॅचमुळे. सकाळी क्लास, संध्याकाळी टेस्ट, रात्री शंकानिरसन आणि पहाटे उजळणी, अशी आखणी झाल्यावर दुपारचा थोडा वेळ शिल्लक राहत होता आणि त्या वेळात मुलं झोपत होती. ही गळती संचालक खोचरे सरांच्या लक्षात आली. वामकुक्षी म्हणजे जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर घटकाभर पडणं. खोचरे सरांच्या बॅचमध्ये मुलांना उताणं झोपवत, कारण प्रश्नपत्रिका छतावर होती.

आता यातलं विज्ञान सांगायला हवं, कारण विज्ञान चांगलं होतं. ते फक्त चुकीच्या घरी मुक्कामाला आलं होतं.

माणूस स्वप्न पाहत असतो तेव्हा मेंदूचा खालचा भाग शरीराच्या स्नायूंना कुलूप घालतो. नाहीतर स्वप्नात कुत्रं मागे लागलेला माणूस अंथरुणातून थेट रस्त्यावर गेला असता. डोळे आणि श्वास तेवढे मोकळे राहतात. जाग आली की कुलूप उघडतं. कधीकधी मात्र हा ताळमेळ चुकतो. मन जागं होतं आणि कुलूप तसंच राहतं. डोळे उघडतात, खोली दिसते, पंखा दिसतो, पण बोट हलत नाही आणि हाक फुटत नाही. छातीवर भार येतो. धोक्याची घंटा वाजवणारा मेंदूचा कोपरा तेव्हा टक्क जागा असतो, आणि घाबरण्याचं कारण सापडलं नाही तर तो कारण तयार करतो. कुणीतरी छातीवर बसलंय. पूर्वी या कुणीतरीला मुंज्या म्हणत. डॉक्टर झोपेतला लकवा म्हणतात. उताणं झोपणाऱ्याला आणि झोप अपुरी झालेल्याला तो लवकर गाठतो. मुंज्याला निदान पिंपळ तरी लागायचा.

याच्या शेजारची खोली मात्र सुंदर आहे. तिथेही शरीर कुलपात आणि मन जागं, पण डोळ्यांपुढे पंख्याऐवजी स्वप्न असतं, आणि हे स्वप्न आहे हे आपल्याला कळलेलं असतं. कळलं की ते हवं तिकडे वळवता येतं. दोन्ही खोल्यांच्या मध्ये एक दार आहे. पहिल्या खोलीत धडपड न करता, श्वास सैल सोडून पडलेला माणूस बऱ्याचदा त्या दारातून दुसरीत जातो. आगीतून, दंगलीतून वाचलेल्या आणि रोज तेच भयंकर स्वप्न पाहणाऱ्या लोकांना हात धरून त्या दारापलीकडे नेता यावं, म्हणून काही भल्या डॉक्टरांनी जागपट्टी बनवली. कपाळावर एक पट्टी, मानेमागे एक चकती. पट्टी मनाला जागं करते, चकती कुलूप टिकवते. उंबऱ्यावर रोग्याला थांबवू नका, असं त्या डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं. खोचरे सरांनी ते वाचलं, आणि थांबवता येतं हे त्यांना त्यातूनच कळलं.

तसं त्यांनी आधी मुलांना दुसऱ्याच खोलीत नेलं होतं. मुलांनी स्वप्नात अभ्यास करावा अशी कल्पना होती. मुलं स्वप्नात जागी झाली आणि उडाली. काही समुद्रावर गेली, काहींनी हत्ती पाळले. एकही मूल स्वप्नात सेंद्रिय रसायन घेऊन बसलं नाही. तेव्हा सरांना पहिल्या खोलीची थोरवी पटली. डोळे उघडे, कान उघडे, मन जागं; हातपाय बंद, तोंड बंद. शिक्षणशास्त्र शतकानुशतकं ज्या विद्यार्थ्याच्या शोधात होतं तो हाच. सरांनी चकतीचा जोर वाढवला आणि मुलांना उंबऱ्यावरच थांबवून ठेवलं. रात्रभर जागलेली ती मुलं पडल्या पडल्या थेट स्वप्नाच्या झोपेत घसरत आणि पट्टी त्यांना तिथेच पकडे. छतावर प्रश्न येई. डोळे डावीकडे नेले की अ, उजवीकडे ब, वर क, खाली ड. छातीवरच्या भाराला माहितीपत्रकात 'एकाग्रतेचं वजन' म्हटलं होतं.

पालकांसाठी ॲप होतं. दुपारी जेवण झालं की मन्मथराव मोबाईल उघडत. त्यात श्रेयसी सरळ पडलेली दिसे, डोळे छताला लावून. केस कपाळावर आले तरी ती मागे सारत नसे.

"अहो, पोरगी हलायली का बगा की जरा," महानंदा म्हणाली. ही त्यांची बायको, दुकानात डबा घेऊन यायची. तिला ॲप आवडत नसे, पण पाहिल्याशिवाय राहवतही नसे.

"हलू नये म्हणूनच तर घातलंय तिथं."

"डोळ्याला पाणी आल्यागत दिसायलंय."

"एकटक बघितल्यावर येतंच पाणी. तुला टीव्ही बघताना येत नाही का?"

आणि एका दुपारी मन्मथरावांनी ज्याची इतकी वर्षं वाट पाहिली ते केलं. ॲपमधला फोटो उचलला, चेहरा गोरा केला, डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि फ्लेक्स छापला. 'एकाग्रतेची मूर्ती, कु. श्रेयसी मन्मथ हालकुडे.' अजून निकाल नव्हता, परीक्षाही नव्हती. पण अकॅडमीनं तिला महिन्याची आदर्श साधिका ठरवलं होतं आणि तेवढं कारण चौकाला पुरतं. फ्लेक्स लागला. लोक येता-जाता म्हणू लागले, काय नजर आहे पोरीची. ती मदतीला हाका मारत होती हे कुणाला वाचता आलं नाही. मन्मथरावांनी त्या फ्लेक्सखाली उभं राहून स्वतःचाही फोटो काढून घेतला.

पुढच्याच आठवड्यात अकॅडमीच्या समुपदेशक मॅडमचा फोन आला.

"हालकुडे सर, श्रेयसीची उत्तरं बंद झालीत. मुलगी पळते."

मन्मथरावांच्या हातातली कात्री खाली पडली. "पळती? कुठं? आता तर ॲपमध्ये बगितली. बेडवरच हाय की."

"बेडवरच आहे. आतल्या आत पळते."

"म्हणजे कसं?"

"डोळे मिटून स्वप्नात निघून जाते. आणि एकटी जात नाही, बाकीच्यांनाही शिकवते. रविवारी पालकसभा आहे. नवीन अपडेट येतंय, त्याला संमती लागेल. तोपर्यंत तिला पट्टी मिळणार नाही. घरी घेऊन जा."

पट्टी मिळणार नाही, ही शिक्षा होती.

रविवारी सकाळी श्रेयसी घरी होती. महानंदानं धपाटे केले. श्रेयसीनं ते खाल्ले, आणखी मागितले, तेही खाल्ले. खाऊन झाल्यावर मन्मथराव समोर येऊन बसले.

"पळून कुठं जातीस?"

"एक ओटा आहे," श्रेयसी म्हणाली. "कुणाचा माहीत नाही. त्याच्यावर जाऊन बसते."

"आणि?"

"आणि काय? बसते."

"नुसती?"

"पाय हलवते."

मन्मथरावांनी बायकोकडे पाहिलं. "ऐकलंस? डोक्यावर प्रश्न येऊन उभे राहिलेत आणि ही ओट्यावर बसून पाय हलवायली."

"हलवू द्या की," महानंदा म्हणाली. "तिचेच हायेत."

"तू थांब. श्रेयसी, ही असली अक्कल शिकवली कुणी?"

"मिस्बाहनं. माझ्या शेजारच्या बेडवर असते. दाब आला की भांडायचं नाही, श्वास सोडून द्यायचा आणि मागं लवंडल्यासारखं करायचं. लवंडलं की तिकडं."

"भांडायचं नाही म्हणजे? कुणाशी भांडायलाव तुम्ही?"

"छातीवर जो बसतो त्याच्याशी."

"ते एकाग्रतेचं वजन असतंय. सरांनी छापलंय तसं."

"वजन नाही, माणूस असतो."

"कोण माणूस?"

श्रेयसीनं ताटाच्या कडेचं दही बोटानं पुसलं. "तुम्ही."

 मन्मथराव पोलिसानं विचारल्यावर सांगावं तसं म्हणाले, "त्या टायमाला मी दुकानात असतो."

"माहीत आहे मला."

"मी कशाला बसीन तुझ्या छातीवर? लहानपणी खांद्यावर घेऊन फिरलोय तुला."

"तुम्ही काही करत नाही, पप्पा. मोबाईल धरून बसता. आणि खूश असता."

आणखी एखादा धपाटा वाढू का, असं कुणीतरी विचारायला हवं होतं. कुणी विचारलं नाही.

दुपारी मन्मथराव स्कूटरवरून सभेला निघाले. श्रेयसी मागे बसली होती. खालच्या सभागृहात पालक, वरच्या हॉलमध्ये नेहमीप्रमाणे बॅच चालू. व्यासपीठावर एक बेड मांडला होता, त्याला झेंडूच्या माळा लावल्या होत्या. खोचरे सर बोलायला उभे राहिले. गोड माणूस. पालकांना आपण गुन्हेगार आहोत असं वाटायला लावून लगेच माफ करण्याची त्यांची हातोटी होती.

"पालकहो, तुमच्या मुलाचा शत्रू कोण? मोबाईल? मित्र? नाही. मोबाईल आपण काढून घेतला, मित्र वेगळ्या बॅचला टाकले. आता एकच उरलाय. स्वप्न. काही मुलं आपल्या हॉलमधून दार उघडून तिकडं जातात. स्थितप्रज्ञ हे नवीन अपडेट ते दार कायमचं बंद करेल. मूल उंबऱ्यावर राहील. पूर्ण वेळ. सगळी मुलं, अपवाद नाही."

टाळ्या झाल्या. मन्मथराव उभे राहिले.

"सर, तिथं त्रास किती होतो?"

"त्रास? हालकुडे साहेब, एकाग्रतेची मूर्ती तुमच्या घरात आहे आणि तुम्ही मला विचारता?"

"ती म्हणती होतो. तुम्ही म्हणता नाही. आम्हाला कळावं कसं?"

"या की मग," खोचरे सरांनी बेडकडे हात केला. "झोपा. मोसम चालू आहे, तुमचीही झोप झालेली नसेल."

झालेली नव्हतीच. रोज पहाटेपर्यंत मशीन चालू असे. मन्मथराव उताणे पडले, पट्टी चढली, मानेखाली चकती आली, आणि सभागृहाचा गलका ऐकता ऐकताच ते घसरले.

डोळे उघडले तर छत दिसलं. खोचरे सरांचा आवाज नीट ऐकू येत होता. झालं एवढंच का, असं मन्मथरावांना वाटलं आणि ते उठायला गेले. उठले नाहीत. बोट हलवायला गेले, बोट कुणा दुसऱ्याचं होतं. 'अहो' म्हणायला गेले आणि जीभ तोंडात ओल्या मातीसारखी पडून राहिली. तेवढ्यात पायाकडून काहीतरी वर सरकू लागलं. शाईचा उग्र वास आला. तो वास त्यांच्या अर्ध्या आयुष्याचा होता. फ्लेक्स होता तो. कोपऱ्यांना लोखंडी रिंगा लावलेला, जड, गार. कुणीतरी तो त्यांच्यावर पांघरूण घालावं तसा ओढत आणत होतं. गुडघ्यावरून, पोटावरून. छातीवर आला तेव्हा श्वास अडला. मग त्यांच्या चेहऱ्यावर श्रेयसीचा चेहरा आला, गोरा केलेला, डोळे पुसलेले, ते डोळे थेट त्यांच्या डोळ्यांवर टेकले, आणि त्यांना कळलं की तीही आतून ढकलते आहे.

ते किंचाळले. डोळे डावीकडे गेले, वर गेले, खाली गेले.

"बघा," खोचरे सर सभेला म्हणत होते, "या वयातही किती चपळ प्रतिसाद. दोन उत्तरं बरोबर आलीत."

टाळ्या पडल्या.

"आता संमतीचा प्रश्न यांनाच विचारू." छतावर अक्षरं उमटली. स्थितप्रज्ञ अपडेटला आपली: अ) संमती आहे. ब) पूर्ण संमती आहे. क) संमती असून आग्रह आहे. ड) वरील सर्व.

मन्मथरावांनी जिवाच्या आकांतानं वर पाहिलं. तिकडे देव असतो अशी त्यांची लहानपणापासूनची समजूत होती.

"क," खोचरे सर म्हणाले. "आग्रह आहे."

टाळ्यांच्या त्या गजरात श्रेयसी व्यासपीठावर चढली. स्वयंसेवक आडवा आला, "सत्र चालू आहे, हात लावायचा नाही," तोवर तिनं बापाचा हात धरला होता. झोपेतल्या लकव्यावर दुसऱ्या माणसाचा स्पर्श हा सगळ्यात साधा उपाय असतो. अकॅडमीच्या हॉलमध्ये तो म्हणूनच मना होता. कुलूप उघडलं. मन्मथराव बसते झाले, पट्टी ओरबाडून काढली आणि बराच वेळ नुसता श्वास घेत राहिले.

"मी नाही म्हणत होतो," ते म्हणाले.

"सिस्टीमला क आलंय," खोचरे सर शांतपणे म्हणाले.

"त्यात नाही कुठं होतं? नाही म्हणायचं असेल त्यानं कुठं बघायचं?"

"हालकुडे साहेब, तसा पर्याय ठेवला की मुलं तोच निवडतात. अनुभव आहे आमचा."

मन्मथरावांनी सभेकडे वळून पाहिलं. त्यांना वाटलं, आता लोक उठतील. लोक उठलेही. पहिल्या रांगेतले एक वकील पुढे आले, त्यांच्या मुलीच्या दहावीचा फ्लेक्स यांनीच छापला होता.

"हालकुडे, एकूण प्रश्न किती आले? त्यातले दोन, म्हणजे टक्के किती?"

"अहो, पोरं आत ओरडायलेत."

"ते ठीक आहे. पण बरोबर कोणकोणती आली?"

मागे रांग लागली होती. प्रत्येकाला संमती द्यायची होती, आणि आपल्या आधी दुसऱ्याची जाऊ नये याची काळजी होती.

मन्मथरावांनी श्रेयसीचा हात सोडला नव्हता. तसेच ते बाहेर आले. ऊन रणरणत होतं. स्कूटर काढली, चालू केली. श्रेयसी बसेना.

"बस की माय. झालं आता. नाव काढून टाकू उद्या."

"वर बाकीचे आहेत."

"त्यांचे आईबाप हायेत इथंच."

"माझेपण होते की, पप्पा."

मन्मथरावांनी स्कूटर बंद केली आणि पुन्हा स्टँडला लावली.

वरच्या हॉलला कुलूप नव्हतं. आतल्या मुलांना ते आधीच बसवलेलं असल्यामुळे दाराला लागत नव्हतं. गार हवा सुटली होती. दोन्ही भिंतींना बेड, बेडवर मुलं उताणी, आणि छतावर प्रश्न. प्रश्न बदलला की सगळे डोळे एकदम वळत, वरती टेनिसचा सामना चालू असावा तसे. आवाज फक्त श्वासांचा होता. काहींच्या पापण्या मिटलेल्या होत्या आणि आतली बुबुळं आपल्या मनानं फिरत होती.

मन्मथरावांनी अशाच एका मुलाकडे हात नेला.

"त्याला राहू द्या," श्रेयसी म्हणाली. "तो गेलाय तिकडं. ज्यांचे डोळे उघडे आहेत तेवढेच."

मिस्बाहचे उघडे होते. अंगकाठीनं लहान पोरगी, डोळ्यातलं पाणी कानाकडे ओघळून उशी भिजलेली. आपल्या मित्रमैत्रिणींना दार दाखवणारीला आज स्वतःला सापडलं नव्हतं. श्रेयसीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. मिस्बाह खोल विहिरीतून वर यावी तशी श्वास ओढत उठली आणि म्हणाली, "आज बहुत देर लगी यार."

मग मन्मथराव रांगेनं निघाले. कुणाच्या कपाळावर, कुणाच्या मनगटावर हात. दुसऱ्याच्या मुलांचे चेहरे त्यांनी आयुष्यभर इतके मोठे करून पाहिले होते, पण तळहाताला लागलेला हा पहिला. घामेजलेला, गरम. कुणी दचकून उठे, कुणी त्यांच्या शर्टाला धरे. एका मुलानं आधी त्यांना जोरात ढकललं आणि मग सॉरी म्हटलं.

खाली सभागृहात मोबाईल वाजू लागले होते. ॲपवर प्रत्येकाच्या पडद्यात एक जाडजूड हात येत होता आणि आपलं मूल फ्रेममधून निघून जात होतं. जिन्यावर पावलं धडधडली. पालक दारात आले, पुढे खोचरे सर.

"तास बुडाला पोरांचा," मागून वकील ओरडत होते. "जबाबदार कोण याला?"

"कुणीही जागेवरून हलायचं नाही," खोचरे सर म्हणाले.

बेडच्या कडांवर बसलेल्या मुलांपैकी एकानं करंगळी वर केली. त्याच्याकडे पाहून पलीकडच्यानं केली. मग ओळीनं करंगळ्या वर होत गेल्या. ओठांवर मिसरूड फुटलेली, डॉक्टर व्हायला निघालेली मुलं. ती दाराकडे पाहत नव्हती, मन्मथरावांकडे पाहत होती, कारण त्या खोलीत उभा असलेला मोठा माणूस तेवढाच होता.

"जा की," मन्मथराव म्हणाले. "विचारायलाव काय?"

कुणी हललं नाही. दारात सर उभे होते.

मन्मथराव पुढे झाले आणि सरांच्या समोर जाऊन उभे राहिले.  इतक्यात त्यांच्या कोपराखालून मिस्बाह निघाली, अनवाणी, उशीचा वळ गालावर घेऊन.

"सर, जरा सरका," ती म्हणाली. "मागं लाइन आहे."